१५ जुलैच्या आधीची वर्षे

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. रात्री दोनच्या सुमाराला उजव्या बरगडीखाली कुणीतरी मूठ आवळून धरावी तसे दुखू लागले. दुखणे पाठीत गेले, पाठीतून खांद्यापर्यंत चढले. चकल्यांवर संशय घेऊन मी ओव्याचे पाणी प्यालो आणि उजाडेपर्यंत आरामखुर्चीत बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे निघाले. पिशवी काढून टाकलेली बरी, असे डॉक्टरांनी सांगितले. हल्ली हे ऑपरेशन म्हणजे काहीच नाही, दोन दिवसांत माणूस घरी, असे मग जो तो सांगू लागला. वर्ध्यात असे सांगणाऱ्यांना तोटा नाही. एका अंगाला सेवाग्राम, दुसऱ्या अंगाला सावंगी. दोन-दोन वैद्यकीय महाविद्यालये हाताशी असलेल्या या गावात पोटावर चार भोके असलेला माणूस गल्लोगल्ली सापडतो.

मी मात्र तीन महिने चालढकल केली. त्याचे कारण माझी ताई.

१९९३ साली ताईच्या पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. दुर्बिणीची पद्धत तेव्हा आपल्याकडे नवीनच होती. पोट फाडायचे नाही, टाक्यांची लांबलचक रांग नाही, याचेच सगळ्यांना अप्रूप. ऑपरेशन करताना तिच्या पित्ताशयाची बारीक नळी कापण्याऐवजी यकृतातून आतड्याकडे पित्त नेणारी मुख्य नळीच कापली गेली. आठवड्याभरात डोळे पिवळे झाले. पुढे मुंबईला नेऊन पुन्हा पोट उघडावे लागले. ताई त्यानंतर अकरा वर्षे जगली, पण थंडी वाजून ताप भरण्याच्या धास्तीने तिला शेवटपर्यंत सोडले नाही. रुग्णालयाचे नि डॉक्टरांचे नाव सांगण्यात आता अर्थ नाही. मला छळतो तो वेगळाच प्रश्न. मी बँकेत अधिकारी होतो. दहा हजारांचे कर्ज द्यायचे तरी तीन वर्षांचे हिशेब मागत होतो. ताईला टेबलावर घेण्याआधी त्या डॉक्टरांना मी एवढेही विचारले नव्हते, की साहेब, तुमच्या हातचे हे कितवे?

या चालढकलीच्या तीन महिन्यांत माझ्या डोक्यात आणखी एक प्रश्न शिरला. कुणीतरी, कुठेतरी, हे ऑपरेशन पहिल्यांदा केले असेल. त्याच्या बाबतीत तर कितवे हा प्रश्नच नव्हता. आधी कुणी केलेलेच नाही, दाखवायला गुरू नाही, वाचायला पुस्तक नाही. मग त्याने जिवंत माणसाच्या पोटावर सुरी ठेवली ती कुठल्या भरवशावर? एका तरुण डॉक्टरने मला नाव सांगितले: कार्ल लांगेनबुख. सर्जन मंडळींत हे नाव सर्वांना ठाऊक. आपल्यापैकी हजारो लोक ज्याच्या उपकारावर वरण-भात-तूप खात आहेत, त्याचे नाव आपल्याला माहीत नसावे याचे मला नवल वाटले. मिळेल ते वाचत गेलो. जे हाती आले ते हे.

कार्ल लांगेनबुखचा जन्म २० ऑगस्ट १८४६ चा. गाव कील. बाल्टिक समुद्राच्या काठचे हे बंदर आज जर्मनीत आहे, पण त्याच्या जन्माच्या वेळी तिथे डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता. तो विशीत येईपर्यंत लढाया होऊन गाव प्रशियाकडे गेले. वैद्यकाचे शिक्षण त्याने कीललाच घेतले आणि १८६९ मध्ये डॉक्टर झाला. मग बर्लिन. तिथल्या बेथानिएन रुग्णालयात रॉबर्ट विल्म्स या नामांकित सर्जनच्या हाताखाली त्याने उमेदवारी केली. १८७३ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी, तो बर्लिनमधल्याच लाझारुस रुग्णालयाचा प्रमुख झाला. हे रुग्णालय प्रोटेस्टंट सेविका-भगिनी चालवत. या खुर्चीवर तो जो बसला तो मरेपर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षे. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर एकाच शाखेत सगळी नोकरी काढली. बदली नाही, बढतीची धावपळ नाही. असा माणूस बहुधा एखाद्याच गोष्टीच्या मागे लागतो आणि ती तडीला नेतो.

त्या काळात पित्तखड्यांचा रोगी म्हणजे दीर्घकाळ चालणारी शिक्षा होती. क्ष-किरणांचा शोध लागायचा होता, सोनोग्राफी तर पुढच्या शतकातली. डॉक्टरने पोट चाचपायचे आणि अंदाज बांधायचा. रोगी झऱ्याचे औषधी पाणी पीत, पथ्ये करत आणि कळ आली की मॉर्फिन टोचून घेत. कळ जाई, खडे राहत. कित्येकांना मॉर्फिनचेच व्यसन लागे. काही धाडसी सर्जनांनी एक पाऊल पुढे टाकले होते. १८६७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात जॉन बॉब्स या डॉक्टरने एका बाईच्या पोटातली गाठ पाहायला म्हणून चीर दिली, तर आत खड्यांनी भरलेली पिशवी. त्याने पिशवी उघडली, खडे काढले, पुन्हा शिवली. बाई बरी झाली. इतकी, की डॉक्टर गेल्यावरही ती पुष्कळ वर्षे जगली. त्यानंतर इतरांनी हीच वाट धरली. पिशवीला छेद द्यायचा, खडे वेचायचे आणि बरेचदा ती पोटाच्या कातडीला शिवून टाकायची. त्यातून पित्त झिरपत राही. खडेही काही दिवसांनी पुन्हा होत.

लांगेनबुखचे डोके इथे वेगळे चालले. त्याचा हिशेब साधा होता. पिशवीत खडे सापडतात हा दोष दुय्यम. पिशवी खडे तयार करते हा खरा दोष. म्हणजे खडे काढून काय उपयोग, खड्यांचा कारखानाच बंद केला पाहिजे. पण पिशवीवाचून माणूस जगेल का? याचे उत्तर त्याने दोन ठिकाणी शोधले. एक, निसर्गात. घोड्याला पित्ताशय नसते, हत्तीलाही नसते. दोघांचे काही अडत नाही. दुसरे, जुन्या ग्रंथांत. सतराव्या शतकातच कुणीकुणी कुत्र्यांची पित्ताशये काढून पाहिली होती आणि कुत्री जगली होती. दोनशे वर्षे ही माहिती पुस्तकांत पडून होती. तिचे व्याज कुणी उचलले नव्हते.

कल्पना तयार झाली. माझ्यासारख्या माणसाला वाटेल, आता घ्यावा एखादा रोगी आणि करावी सुरुवात. लांगेनबुखने तसे केले नाही, आणि याच गोष्टीसाठी मी हा लेख लिहितो आहे. तो प्रेतांकडे गेला. एक-दोन नव्हे, काही वर्षे तो मृतदेहांवर हे ऑपरेशन करून पाहत होता.

ती वर्षे मी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करतो. दिवसभराचे रोगी झाल्यावर हा तिशीतला माणूस शवांच्या खोलीत जात असेल. चीर कुठे द्यावी? सरळ दिली तर यकृत आडवे येते, आडवी दिली तर हात खोल जात नाही. शेवटी त्याने इंग्रजी टी अक्षरासारखी चीर ठरवली: एक रेघ यकृताच्या खालच्या काठाला धरून, दुसरी पोटाच्या उजव्या स्नायूच्या कडेने. पिशवी यकृताच्या बिछान्यावरून कशी सोडवायची, तिची नळी कुठे बांधायची, रक्तवाहिनी कुठे दडलेली असते, हे सारे त्याची बोटे शिकत होती. शरीराच्या या कोपऱ्यात दोन माणसे सारखी नसतात. कुणाची नळी आखूड, कुणाची मुख्य नळीला लगटून खाली उतरलेली, कुणाची रक्तवाहिनी भलत्याच बाजूने आलेली. पुस्तकातल्या चित्रात एकच माणूस असतो. त्या खोलीत मात्र रोज वेगळा माणूस होता.

इथे मला हिंगणघाटची आठवण येते. मी कारकून म्हणून लागलो तेव्हा कापसाचा हंगाम ऐन भरात होता. गाड्यांच्या रांगा, जिनिंगवाल्यांची गर्दी, रोज गड्ड्यांवर गड्ड्या मोजायच्या. आमच्या हेड कॅशियरनी पहिले आठ दिवस मला नोटेला हात लावू दिला नाही. नोटेच्या मापाचे कोरे कागद कापून त्यांच्या गड्ड्या त्यांनी करून ठेवल्या होत्या. त्यात कुठे नव्व्याण्णव, कुठे एकशे एक. त्या मोजायच्या आणि आकडा सांगायचा. मला तो अपमान वाटे. पुढे कळले, की खिडकीवर चुकलो तर तूट आपल्या खिशातून भरावी लागते. कागदावर चुकलो तर हेड कॅशियर नुसते हसतात. लांगेनबुखची प्रेते म्हणजे त्या कोऱ्या गड्ड्या होत्या, असे म्हणताना मला संकोच वाटतो. कारण ती कोरी नव्हती. प्रत्येकाला एक नाव होते, आणि ते कुठे लिहून ठेवलेले नाही.

१८८२ साल उजाडले. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच बर्लिन शहरात रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले होते. जुलैमध्ये लांगेनबुखकडे एक त्रेचाळीस वर्षांचा सरकारी कचेरीतला माणूस आला. सोळा वर्षे तो पित्ताच्या कळा सोसत होता. वाळून गेला होता, मॉर्फिनच्या आहारी गेला होता. काहीही करा पण यातून सोडवा, अशा अवस्थेला आलेला. लांगेनबुखने त्यालाही लगेच टेबलावर घेतले नाही. पाच दिवस अंथरुणात ठेवून, एनिमा देऊन पोट साफ केले. १५ जुलैला ऑपरेशन झाले. पिशवी जाड झालेली होती. नळी रेशमाच्या धाग्याने बांधली, पिशवी यकृतापासून सोडवली आणि बाहेर काढली. आत दोन खडे होते. दुसऱ्या दिवशी रोग्याला ताप नव्हता, दुखणे फारसे नव्हते, आणि तो चक्क सिगार ओढत पडला होता. काही आठवड्यांनी तो वजन वाढवून, कळांपासून मुक्त होऊन घरी गेला.

जगातले पहिले पित्ताशय असे निघाले. जगाच्या दृष्टीने ते पहिले. लांगेनबुखच्या बोटांच्या दृष्टीने मात्र ते कितवे होते कुणास ठाऊक. त्या दिवशी त्याच्या हातांना नवीन काय होते? रक्त, उष्णता आणि श्वासाबरोबर वरखाली होणारे यकृत. बाकी सगळा रस्ता पायाखालचा होता.

त्याने त्याच वर्षी बर्लिनच्या वैद्यकीय साप्ताहिकात हकीकत छापली. लगेच जयजयकार झाला नाही. इंग्लंडमधले लॉसन टेट हे पोटाच्या शस्त्रक्रियेतले मोठे प्रस्थ. पिशवी उघडून खडे काढण्यात त्यांचा हातखंडा. त्यांना हा सारा प्रकार वेडेपणाचा वाटला. एक आख्खा अवयव काढून टाकायचा हे त्या पिढीच्या पचनी पडत नव्हते. लांगेनबुखने वादात फार शक्ती घालवलेली दिसत नाही. तो आपले काम करत राहिला आणि हळूहळू निकालच बोलू लागले. १८८८ मध्ये त्याने एका तरुण स्त्रीच्या यकृताचा सुमारे ३७० ग्रॅमचा तुकडा काढला. आधी ठरवून केलेले आणि यशस्वी झालेले यकृताचे ते पहिले ऑपरेशन मानतात. त्या दिवशी मात्र काही तासांनी आत रक्तस्राव झाला. त्याने पोट पुन्हा उघडले, रक्तवाहिनी बांधली आणि बाई वाचली. हा प्रसंग मला १५ जुलैइतकाच मोठा वाटतो. चूक झाल्याचे वेळेवर ओळखणे आणि लाज न बाळगता मागे फिरणे हाही सरावाचाच भाग आहे. ताईच्या वेळी डोळे पिवळे होईपर्यंत कुणी मागे फिरले नव्हते.

यकृत आणि पित्ताशय यांच्या शस्त्रक्रियेवर त्याने दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. पहिला खंड १८९४ मध्ये आला, दुसरा १८९७ मध्ये. आपल्या हाताला जे कळले ते पुढच्या हातांसाठी लिहून ठेवायचे, म्हणजे त्यांना शून्यापासून सुरुवात करावी लागू नये. ९ जून १९०१ रोजी तो गेला. वय चौपन्न. कारण वाचून मी थबकलो. त्याचे आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, फुटले आणि पोटात पू पसरला. दुसऱ्यांच्या पोटातून मृत्यूला हुसकावण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला मृत्यूने पोटातूनच गाठले.

अपेंडिक्सवरून वर्धेकरांना साहजिकच एक वेगळे ऑपरेशन आठवेल. लांगेनबुख गेल्यावर तेवीस वर्षांनी, १२ जानेवारी १९२४ च्या रात्री, पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधीजींचे अपेंडिक्स काढले गेले. गांधीजी तेव्हा येरवड्याचे कैदी. सर्जन कर्नल मॅडॉक. ऑपरेशन चालू असतानाच विजेचे दिवे गेले आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. डॉक्टरी विद्येवर कडाडून टीका केलेला तो माणूस त्या रात्री एका सरावलेल्या हाताने वाचला. पुढे गांधीजी वर्ध्याला आले, १९३६ मध्ये सेगावला राहू लागले, आणि त्या सेगावच्या सेवाग्रामात १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. उजेड असताना कुणीही चालतो. सराव लागतो तो दिवे गेल्यानंतरसाठी.

सराव आधी, माणूस नंतर, हा विचार आपल्याला परका नाही. सुश्रुताच्या संहितेत याचा स्वतंत्र अध्याय आहे. चीर द्यायला भोपळा, दुधी, कलिंगड, काकडी घ्यावी. शीर तोडायला मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. शिवायला जाड कापडाच्या कडा नि मऊ कातडे. पट्ट्या बांधायला माणसाच्या आकाराचा पुतळा. ग्रंथ कितीही पढलेला असो, अशी योग्या केल्यावाचून शिष्य कामाला लायक होत नाही, असा त्याचा दंडक. योग्या म्हणजे सराव. आपण पुढे सुश्रुताचा अभिमान उरलासुरला जपला आणि त्याचा भोपळा विसरलो.

दुर्बिणीची पद्धत आली तेव्हा साऱ्या जगाला हा विसर पडला असावा. ही पद्धतही जर्मनीतच निघाली. १९८५ मध्ये एरिख म्यूहे यांनी पहिले पित्ताशय या वाटेने काढले. १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी ते भारतात आणले. त्यांच्या गाठीशी दुर्बिणीने पोट तपासण्याचा जवळजवळ दोन दशकांचा अनुभव होता. सगळ्यांकडे तो नव्हता. या पद्धतीत सर्जन पोटात पाहत नाही, पडद्यावर पाहतो. पडद्यावरच्या चित्राला खोली नसते. लांब दांड्याची हत्यारे पोटाच्या भोकावर तोललेली असतात, त्यामुळे हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते. तीस-तीस वर्षे पोटे उघडलेले नाणावलेले सर्जनही इथे पुन्हा पहिलीत बसले. पण पहिलीत बसल्याचे सगळ्यांनी मान्य केले नाही. दोन-तीन दिवसांची कार्यशाळा केली आणि सोमवारपासून रोगी घेतले, असे जगभर घडले. उघड्या ऑपरेशनात क्वचित कापली जाणारी मुख्य नळी आता कितीतरी जास्त वेळा कापली जाऊ लागली. १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याला नियमच काढावा लागला, की जाणत्याच्या देखरेखीखाली किमान पंधरा ऑपरेशने केल्याशिवाय एकट्याने करू नये. १९९५ मध्ये स्ट्रासबर्ग या अमेरिकी सर्जनने एक शिस्त सांगितली: पिशवीच्या मानेजवळची सगळी चरबी साफ करा, पिशवीचा खालचा भाग यकृतापासून सुटा करा, पिशवीत शिरणाऱ्या दोन आणि दोनच वाटा स्पष्ट दिसू द्या, आणि मगच कात्री चालवा. ताई या शिस्तीच्या दोन वर्षे आधी टेबलावर गेली.

याच सुमाराला काही लोकांच्या मनात आले, की वैमानिकाला जसे खोट्या विमानात बसवून शिकवतात तसे सर्जनला का शिकवू नये. संगणकातले पोट तयार झाले. २००२ मध्ये अमेरिकेच्या येल विद्यापीठातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सोळा शिकाऊ सर्जन घेतले. निम्म्यांना नेहमीचे शिक्षण, निम्म्यांना त्याच्या जोडीला संगणकावरचा सराव. मग सगळ्यांना खऱ्या रोग्यांच्या पित्ताशयावर पारखले. सराव केलेल्यांचे काम २९ टक्के लवकर उरकले. सराव न केलेल्यांकडून पिशवीला इजा होण्याची किंवा भलतीकडे डाग देण्याची शक्यता पाचपट निघाली. आपल्याकडे २०१९ च्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमाने महाविद्यालयांत कौशल्य-प्रयोगशाळा सक्तीची केली. लांगेनबुख शवांच्या खोलीत जे करत होता, त्याला सव्वाशे-दीडशे वर्षांनी नियमाचा दर्जा मिळाला.

शेवटी मी जिच्याकडे गेलो ती सर्जन माझ्या मुलीच्या वयाची. तीस वर्षे गिळून ठेवलेला प्रश्न मी तिला विचारला. डॉक्टरसाहेब, तुमच्या हातचे हे कितवे? मला वाटले होते ती रागावेल. तिने खणातून वही काढली आणि पानेच पुढे ठेवली. कुठल्या तारखेला कुणाच्या हाताखाली साहाय्य केले, कोणते वरिष्ठांसमोर स्वतः केले, कोणते एकटीने. त्याच्याही आधी संगणकावरचे तास. नोंदवही पाहिली की माझ्यासारख्याचा जीव थाऱ्यावर येतो. बाकीची पाने मी वाचलीच नाहीत.

मग तिने मला ते यंत्र दाखवले. डोळ्यांवर जाड चष्म्यासारखे खोके चढवले आणि हातात दोन दांडे दिले. क्षणात मी ऑपरेशनच्या खोलीत उभा होतो. समोर यकृत, त्याखाली हिरवट पिशवी. ती बाजूला उभी राहून सांगत होती आणि मी हात हलवत होतो. हात इकडे नेला की टोक तिकडे. मिनिटभरात मी यकृताला डाग दिला. नंतर एक नळी दिसली. सरळ, स्वच्छ, पिशवीकडेच जाणारी. मला तिळमात्र शंका आली नाही. मी चिमटे लावले आणि ती कापली.

पडदा लाल झाला. ती मुख्य नळी होती.

ताईची कापली गेली तीच नळी मी स्वतःच्या हाताने कापली होती, आणि कापताना मला पूर्ण खात्री होती. तीस वर्षे मी त्या डॉक्टरला निष्काळजी समजत आलो. त्या दिवशी प्रथमच वाटले, की त्यालाही अशीच खात्री वाटली असेल. खात्री वाटणे आणि खरे असणे यांत किती अंतर असते ते शिकायला त्याला जागाच दिली गेली नव्हती. ती त्याने मागितलीही नसावी. त्याचा दोष मी माफ केला असे नाही. पण तो दोष मला आता वेगळ्या जागी दिसतो. यंत्राने मला विचारले, पुन्हा सुरुवात करायची का. बँकेत चुकीची नोंद उलट नोंद करून फिरवता येते. यंत्रातही येते. पुढच्या खोलीतल्या टेबलावर येत नाही.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. यंत्रात हात तयार होतो, पण माणसाचे शरीर किती तऱ्हांचे असते ते तिला शिकवले पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलावरच्या माणसांनी. त्यांतला एक देहदान केलेला शिक्षक होता, असे तिला कुठून तरी कळले होते. बाकीच्यांना कुणी वारस नव्हते. यंत्र त्यांची जागा घेईल असे तिला वाटत नाही. आधी ती माणसे, मग यंत्र, मग वरिष्ठांचा हात हातावर, आणि मग एकटीने, अशी तिची उतरंड.

माझे ऑपरेशन फेब्रुवारीत झाले. तिसऱ्या दिवशी घरी आलो. सिगार ओढत नाही, पण चहा मागून घेतला. सहा खडे एका बाटलीत घालून दिले होते. ते कपाटात ताईच्या फोटोजवळ ठेवले आहेत.

लांगेनबुखचे लाझारुस रुग्णालय बर्लिनमधल्या बेर्नाउअर रस्त्यावर. १९६१ मध्ये याच रस्त्याने बर्लिनची भिंत गेली आणि १९८९ मध्ये कोसळली. आज तिथे भिंतीचे स्मारक आहे आणि त्याच्या समोर लाझारुसची जुनी इमारत उभी आहे. तिथे कधी जाणे झाले, तर मी त्या १५ जुलैच्या खोलीआधी शवांची खोली कुठे होती ते विचारीन. तेवढे जमेपर्यंत एक काम इथेच करण्यासारखे होते. परवा सेवाग्रामला जाऊन देहदानाचा अर्ज आणला. माझी सही झाली आहे. मुलीची अजून व्हायची आहे. थोडा वेळ दे, म्हणाली. तिला तो द्यायलाच हवा.